‘हात सरकलो’ म्हणजे नेमके काय झाले?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकाच्या आतल्या पानावर पाच-सहा ओळींची बातमी होती : फर्निचरचे काम करताना कटर मशीनवर हात घसरून एका तरुणाची दोन बोटे तुटली. बातमी लहान, पण मी ती तीनदा वाचली. ‘हात घसरून’ एवढ्या दोन शब्दांत त्या पोराचा सगळा हिशेब मिटला होता. आमच्या वेंगुर्ले तालुक्यात सुताराचे बोट गेले की विचारपूस करायला आलेल्या माणसाला हेच उत्तर मिळते, ‘हात सरकलो’. मीही इतकी वर्षे हेच सांगत आलो. ते खरे नव्हते. खरे काय झाले ते आज लिहितो आहे.

मी तिसऱ्या पिढीचा सुतार. घरामागच्या मांगरात, म्हणजे शेडमध्ये, माझे काम चालते. करवतीचे एक टेबल, ज्याच्या मधून दहा इंची गोल ब्लेड वर येते, रंध्याचे मशीन, दोन कामगार आणि मी. २०११ च्या श्रावणात गणपतीला बारा दिवस उरले होते आणि पाच चौरंग, दोन मखरांच्या चौकटी नि एक देव्हारा अजून व्हायचा होता. फणसाची फळी फाडत होतो. वरून सुकलेली दिसत होती, आतून ओली होती. ओले लाकूड फाडताना चीर ब्लेडच्या मागे पुन्हा मिटते आणि ब्लेडला चिमटीत धरते. तसेच झाले. ब्लेड अडकले, मोटर नुसती घुमू लागली, मी फळी मागे ओढतोय तोवर लाईट गेली. बाहेर पाऊस कोसळत होता. अशा पावसात लाईट गेली की तासभर तरी येत नाही, हा आमचा सगळ्यांचा ठरलेला अंदाज. मशीनचे बटण बंद करावे असे मनातही आले नाही. मशीन तर बंदच पडले होते. ब्लेडच्या बाजूला रुतलेला ढलपा काढायला मी डावा हात घातला. घरातून पोरे ओरडली, “लाईट इली!” ते ओरडणे आणि ब्लेडचा आवाज मला एकाच वेळी ऐकू आला.

फणसाचा भुसा हळदीसारखा पिवळा असतो. त्या पिवळ्या भुशावर पडलेले माझे बोट मला आजही दिसते. तर्जनी मधल्या पेरापासून गेली, मधल्या बोटाचे टोक गेले.

यात हात कुठे सरकला? हात मी समजून-उमजून तिथे घातला होता. चूक होती बटणाची. विहिरीच्या पंपाचा साधा स्टार्टर सगळ्यांनी पाहिला आहे. लाईट गेली की त्याचा खटका पडतो आणि लाईट परत आली तरी हिरवे बटण दाबल्याशिवाय पंप सुरू होत नाही. हे काम आतली नो-व्होल्ट कॉइल करते. तोच स्टार्टर करवतीच्या टेबलाला बसवता येतो, आणि मी तो बसवला बोट गेल्यानंतर. खर्च आला एका चौरंगाच्या मजुरीएवढा. त्याआधी घरातल्या पंख्याला असते तसले साधे बटण टेबलाच्या पायाला ठोकून मी अकरा वर्षे फळ्या फाडल्या होत्या. पावसाळ्यात दिवसातून दहा वेळा लाईट जाते-येते अशा आपल्या भागात एवढी एक वस्तू प्रत्येक टेबलाला असायलाच हवी. तिच्या जोडीला नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरएवढी वीज गळताच तोडणारा गळती-ब्रेकर हवा, कारण जून ते सप्टेंबर आमचे हात, लाकूड आणि जमीन तिन्ही ओली असतात.

त्या दिवशी आणखी एक चूक झाली, आणि ती मायेपोटी झाली. शेजारी मासळीचा धंदा करतो. त्याने धावत जाऊन थर्माकोलच्या पेटीतून बर्फ आणला आणि तुटलेले बोट थेट त्या बर्फात पुरले. गोव्यातल्या इस्पितळात पोचायला अडीच तास लागले. डॉक्टरांनी पेटी उघडली, बोट तळहातावर घेऊन पाहिले आणि सांगितले, नुसत्या बर्फात राहिल्याने हे गोठून मेले आहे, आता जोडता येणार नाही. शेजाऱ्याला मी हे कधीच सांगितलेले नाही. हे पत्र त्याच्या वाचनात आले आणि त्याने ओळखले, तर त्याने मनाला लावून घेऊ नये. त्या दिवशी माझ्यासाठी त्याच्याएवढे कुणी धावले नव्हते. त्याला कुणी शिकवलेच नव्हते, मलाही नव्हते. मागाहून डॉक्टरांनी समजावले ते असे. आधी जखमेवर स्वच्छ फडके घट्ट दाबून धरायचे आणि हात उंच ठेवायचा. जखमेत हळद, चुना, तंबाखू काही भरायचे नाही. तुटलेला भाग मळला असेल तर स्वच्छ पाण्याने हलकेच धुवायचा, ओलसर स्वच्छ फडक्यात गुंडाळायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. बर्फ बोटाला लागता कामा नये. बोटात मांसल स्नायू नसतात, म्हणून असे थंड ठेवलेले बोट काही तास तग धरते. किती वाजता तुटले ते लिहून ठेवायचे आणि १०८ ला फोन करतानाच बोट तुटले आहे हे सांगायचे. घरात मशीन असेल तर हे बायकापोरांनाही ठाऊक हवे, कारण ज्याचे बोट गेले तो त्या वेळी काही सांगायच्या अवस्थेत नसतो.

आता आपल्या बातमीतल्या ‘कटर मशीन’विषयी. ते कुठले होते ते बातमीत नाही, पण आमच्याकडे कटर म्हणजे दहात आठ वेळा मार्बल कटर. फरशी कापण्यासाठी बनवलेले चार इंची मशीन, मिनिटाला बारा हजारांच्या आसपास फेरे घेणारे. फरशीच्या ब्लेडला लाकडासारखे दात नसतात, ते घासत घासत कापते. त्याच मशीनला लाकडाचे दातवाले ब्लेड लावले की ते लाकडाला कचकन पकडते, आणि गाठ लागली किंवा हात जरा तिरका झाला तर उसळून अंगावर येते. लाकडासाठी बनवलेल्या हातातल्या करवतीला खाली स्प्रिंगचे झाकण असते. कापताना ते मागे सरते आणि मशीन उचलताच आपोआप ब्लेडवर येते. मार्बल कटरला तसले काही नाही, वरचे अर्धे झाकण तेवढे. तेही आमची पोरे पहिल्याच दिवशी काढून टाकतात. विचारले तर म्हणतात, “काकानू, गार्ड मधी येता, लाईन दिसत नाय.” काही जण तर ग्राइंडरला लाकडाचे ब्लेड लावतात. ब्लेडवर जास्तीत जास्त किती फेरे चालतील ते छापलेले असते आणि मशीनचे फेरे त्याहून कमीच असावे लागतात, हे वाचायलाही कुणी थांबत नाही.

माझ्या मावसभावाचा मुलगा असाच. प्लायवूड गुडघ्याखाली दाबून, एका हाताने कटर चालवून त्याने पट्टी कापली आणि मशीन जमिनीवर ठेवले. बटण सोडले होते, पण ब्लेड अजून फिरत होते. ब्लेड फरशीला टेकले आणि ते मशीन चाक लावल्यासारखे धावत त्याच्या पायावर गेले. अकरा टाके पडले. त्यानेही आईला सांगितले, हात सरकलो.

यावर लोक म्हणतात, लक्ष देऊन काम करावे. मी स्वतः चांगला लक्ष देणारा सुतार आहे, तरी मी एकदा हिशेब करून बघितला. माझ्या टेबलावरचे ब्लेड चाळीस दातांचे, फेरे मिनिटाला २८००. म्हणजे एका सेकंदात अठराशेहून जास्त दात एकाच जागेवरून जातात. काही टोचले हे कळून हात मागे घ्यायला माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतो. तेवढ्यात साडेतीनशेहून अधिक दात बोटावरून गेलेले असतात. इथे लक्ष कितीही असले तरी हात जिंकू शकत नाही. ब्लेड आणि बोट यांच्यामध्ये काहीतरी वस्तू असावीच लागते.

अमेरिकेत हौसेने सुतारकाम करणाऱ्या स्टीव्ह गास यांना १९९९ मध्ये यावर एक कल्पना सुचली. ब्लेडमधून बारीकसा विजेचा संकेत सोडायचा. कातडी ब्लेडला लागली की तो बदलतो आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसून ब्लेड सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत थांबवतो. बोटाला ओरखडा येतो, एवढेच. मुलाने मोबाइलवर त्याचा व्हिडिओ दाखवला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले. ते मशीन माझ्या ऐपतीबाहेरचे आहे, आणि ओल्या लाकडालाही ते चुकून थांबते म्हणतात, म्हणजे आमच्या पावसात ते कसे चालेल देव जाणे. पण मी त्यात एक गोष्ट नीट पाहिली. एवढी युक्ती असूनही त्या ब्लेडवर झाकण होते आणि ब्लेडच्या मागे लोखंडी पाती उभी होती.

ती पाती फार मोलाची आहे. फाडलेली चीर ती उघडी धरते, म्हणून लाकूड ब्लेडला चिमटू शकत नाही. चिमटले की ब्लेडचे मागचे, वर येणारे दात फळीला उचलतात आणि माणसाच्या पोटावर फेकतात. आम्ही याला किक म्हणतो. किकमध्ये फळी जाते ती एकटी जात नाही, तिच्यावर दाबून धरलेला हात ब्लेडवर ओढला जातो. आपल्याकडे तयार होणाऱ्या टेबलांना बहुधा ही पाती नसतेच. मी लोहाराकडून करून घेतली, ब्लेडच्या पत्र्यापेक्षा किंचित जाड आणि त्याच्या दातांच्या रुंदीपेक्षा किंचित पातळ.

आता माझ्या मांगरात ब्लेड फळीच्या वर दातभरच काढले जाते. फाडताना फळी गाईडला, म्हणजे टेबलावरच्या सरळ पट्टीला, चिकटून चालते आणि माणूस ब्लेडच्या रेषेत उभा राहत नाही, बाजूला राहतो. पट्टी वीतभरापेक्षा अरुंद असेल तर हात पुढे न्यायचा नाही, लाकडी काठीने ढकलायचे. कामगार हातमोजे घालून आला तर मी काढायला लावतो. लोकांना ते उलटे वाटते, पण फिरत्या दातांना मोज्याचा एक धागा सापडला तरी पुरा हात आत जातो. गळ्यातला गमछा, मनगटातला गंडा, अंगठी यांचेही तेच. श्रावणात पोरांच्या हातात राखी असते. ती सोडायला त्यांचा जीव होत नाही, मला कळते. मी कॅलेंडरशेजारी एक खिळा मारून ठेवला आहे. सकाळी राख्या त्यावर टांगायच्या, संध्याकाळी पुन्हा बांधून घरी जायचे. ब्लेड बदलताना बटणावर विश्वास नाही, प्लगची पिनच काढून खिशात घालायची. बोथट ब्लेड तर त्याच दिवशी धारेला जाते, कारण बोथट ब्लेडवर जोर द्यावा लागतो आणि जोर दिलेला हातच पुढे जातो.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २१ ने मशीनच्या धोक्याच्या भागांना कुंपण सक्तीचे केले. पण विजेवर चालणाऱ्या जागेला तो कायदा लागू व्हायला दहा कामगार लागत. दोन-तीन माणसांच्या आमच्या मांगरात कधी कुणी तपासायला आले नाही, येईल असे वाटतही नाही. म्हणून माझ्या विनंत्या जवळच्याच माणसांना आहेत.

घरी सुतार लावणाऱ्यांनी त्याचे मशीन एकदा बघावे. झाकण नसेल तर काम थांबवायला सांगावे, आणि गणपतीच्या आठ दिवस आधी ‘चतुर्थीपर्यंत होऊक व्हया’ म्हणून त्याच्या मागे लागू नये. माझे बोट गेले त्या दिवशी सकाळपासून चार जण विचारून गेले होते. मशिनरीच्या दुकानदारांनी मार्बल कटरसोबत लाकडाचे ब्लेड देताना गिऱ्हाइकाला दोन शब्द सांगावेत. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्यातल्या अठरा व्यवसायांत सुतार आहे, होडी बांधणारा आहे, खेळणी करणाराही आहे. पाच ते सात दिवसांचे प्रशिक्षण आणि अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. त्या दिवसांतला एक पुरा दिवस फक्त झाकण, पाती, स्टार्टर आणि तुटलेले बोट कसे न्यावे यासाठी द्यावा, आणि त्या पंधरा हजारांत झाकण काढलेले काहीही बसू नये. दसऱ्याला आम्ही करवतीला गंध-फूल वाहतो. त्याच दिवशी काढून ठेवलेले गार्ड पोत्याखालून काढून पुन्हा बसवावे, हे मी माझ्या भाऊबंदांना हात जोडून सांगतो.

आणि आपल्याला विनंती ही की, पुढच्या वेळी अशी बातमी आली तर वार्ताहराने एक प्रश्न जास्त विचारावा : मशीनला झाकण होते का? उत्तर छापावे. पोराची बदनामी होणार नाही, बातमी वाचणारा दुसरा पोर कदाचित कोपऱ्यात टाकलेले झाकण शोधील.

फणसाच्या उरलेल्या तुकड्यांतून मी ढकलायच्या चाळीस काठ्या कापल्या आहेत. पुढच्या टोकाला खाच, मागे मूठ, एकेक हातभर लांब. आमच्या बाजारातल्या दोन हार्डवेअर दुकानांत ठेवल्या असून कटर घेणाऱ्याला फुकट द्यायला सांगितले आहे. परवा चौकशी केली तेव्हा नऊ गेल्या होत्या.

आपला,
एक सुतार, ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग
(शेजाऱ्याचा उल्लेख असल्याने माझे नाव छापू नये, ही विनंती.)