तीर्थरूप आई-बाबांस, अटलांटिकमधून

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

शिडाच्या नावेने कॅनरी बेटांवरून निघाल्याचा आज अकरावा दिवस. आम्ही साधारण १६ अंश उत्तर आणि ३५ अंश पश्चिम येथे, म्हणजे कॅरिबियन बेटांतल्या सेंट लुशियाच्या निम्म्या वाटेवर आहोत आणि चौघेही सुखरूप आहोत. इथे रात्रीचे दोन वाजले आहेत, म्हणजे कोल्हापुरात सकाळचे साडेनऊ. आई अंबाबाईचे दर्शन घेऊन परतली असेल. उपग्रहाच्या जोडणीवरून फोटो पाठवणे जमत नाही, पण अक्षरे जातात, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी बाबांनी फोनवर विचारले होते, "भर समुद्रात वादळ येतंय हे तुम्हाला कळणार कसं?" त्या धावपळीत "सगळं स्क्रीनवर दिसतं" असे तोडके उत्तर देऊन मी फोन ठेवला. ते उत्तर पुरते खरे नव्हते, आणि त्याने तुम्हा दोघांचा घोर कमी झाला नसणार. तेव्हा आता नीट सांगते.

मुळात निघण्याची वेळच विचार करून ठरवलेली आहे. अटलांटिकमधील चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात. आम्ही डिसेंबर लागल्यावरच नांगर उचलला. या दिवसांत ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात आणि ते पाठीशी घेऊन शिडाची नाव पश्चिमेकडे जाते. जुने दर्यावर्दी सांगत की, लोणी वितळू लागेपर्यंत दक्षिणेला जावे आणि मग पश्चिमेला वळावे. सरासरी १३० सागरी मैल, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर रोज पडतात. कोल्हापूर ते पुणे एवढे अंतर आम्हाला चोवीस तास पुरते.

सकाळ-संध्याकाळ आम्ही उपग्रहावरून हवामानाची एक छोटी फाइल उतरवून घेतो. अमेरिकेचे जीएफएस नावाचे संगणकीय मॉडेल दिवसातून चार वेळा नव्याने चालवले जाते. त्यातला आमच्या वाटेपुरता चौकोन मागवला की पुढील पाच-सहा दिवसांचा वारा, वायुभार आणि लाटांची उंची नकाशावर दिसते. सातव्या दिवशी उत्तरेकडील एका कमी दाबाच्या पट्ट्यामुळे आमच्या वाटेवरचा वारा पडणार असे त्यात दिसले, म्हणून आम्ही एक अंश दक्षिणेला सरकलो आणि वारा टिकला. परंतु आम्ही उतरवतो त्या फाइलची जाळी सुमारे २५ किलोमीटरची असते. तिच्या एका घरात मावणारा ढग तिला दिसत नाही. तिथे बॅरोमीटर आणि आपले डोळे यांच्यावरच भिस्त ठेवावी लागते.

बाबा, बॅरोमीटरविषयी तुम्हाला विशेष सांगायचे आहे. व्यापारी वाऱ्यांत शिरल्यावर पहिल्याच दुपारी चारची नोंद करताना मला दिसले की सकाळी दहाला १०१६ मिलिबार असलेला दाब १०१३ वर आला आहे. माझे हातपाय गार पडले आणि मी झोपलेल्या कप्तानांना उठवले. ते रागावले नाहीत. त्यांनी नोंदवही उघडून फक्त आधीच्या दिवसांचा रकाना माझ्यापुढे धरला. उष्ण कटिबंधात वायुभार रोज भरती-ओहोटीसारखा चढतो-उतरतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास सर्वांत जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. म्हणून आजच्या चारची तुलना आजच्या दहाशी करायची नसते, कालच्या चारशी करायची असते. त्या तुलनेत तीन मिलिबारची घट दिसली तर सावध व्हायचे, आणि पाचची दिसली तर वादळ जवळपास आहे असे धरूनच चालायचे.

त्या क्षणी मला तुमची २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरातली वही आठवली. गल्लीतले सगळे पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी कधी ओलांडली आणि ४३ फुटांची धोका पातळी कधी गाठली एवढेच विचारत होते. तुम्ही मात्र राजाराम बंधाऱ्याचा प्रत्येक आकडा वेळेसह लिहून ठेवत होता, तासाला किती इंच पाणी चढते ते काढत होता, आणि शेजारी राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले ते मांडत होता. त्याच हिशोबावरून तुम्ही आम्हाला वेळेत सामान माडीवर चढवायला लावले. मी इथे दर तासाला जे लिहिते, त्याची रीत तीच आहे: स्थान, वायुभार, वाऱ्याचा वेग आणि दिशा, लाटा, ढग.

आई, तुला ढगांचे सांगते. गच्चीवर पापड वाळत घातलेले असताना वळीव कसा येतो ते तुला ठाऊक आहे: आधी थंड झोत, मग धूळ, मग टपोरे थेंब. इथेही तसेच ढग येतात, बहुतेक रात्री. परवा माझ्या पहाऱ्यात मागच्या बाजूला, क्षितिजालगतच्या चांदण्या एकेक करून नाहीशा होऊ लागल्या. रडारवर तिथे एक ठळक डाग होता, बॅरोमीटर मात्र जागचा हलला नव्हता. मानेला गार वारा लागला आणि पाहता पाहता सतरा नॉटचा (ताशी सतरा सागरी मैलांचा) वारा एकतीसवर गेला. पाऊस आडवा आला, फक्त मातीचा वास तेवढा आला नाही. आम्ही रोज अंधार पडण्यापूर्वीच शीड कमी करून ठेवतो, म्हणून सुकाणू सांभाळण्यापलीकडे मला काही करावे लागले नाही. वीस मिनिटांत सारे निवळले.

पहारा रात्री प्रत्येकाला तीन तासांचा असतो आणि कमरेचा पट्टा डेकवरच्या दोरीला अडकवल्याशिवाय कोणी बाहेर पाऊल टाकत नाही. नाव कलली की शेगडी झुलून सपाट राहते, त्यामुळे कुकर सरळ राहतो. भांडी समुद्राच्या पाण्याने घासून शेवटी वाटीभर गोड्या पाण्याने विसळतो. ताज्या भाज्यांत आता कोबी, भोपळा आणि कांदे-बटाटे राहिले आहेत. काल पिठले-भात केला होता आणि तुझी कांदा-लसूण चटणी सर्वांनी मागून घेतली. सकाळी डेकवर दोन-तीन उडते मासे पडलेले असतात. त्यांचे खवले वाळले की नखाने खरवडून काढावे लागतात.

आता एक विनंती. नकाशावरचा आमचा ठिपका दर चार तासांनी सरकतो. तो एखाद्या दिवशी थांबला तर त्याचा अर्थ बहुधा एवढाच असेल की वायर खारली आहे किंवा बॅटरी उतरली आहे. खरोखर संकट आले तर त्यासाठी नावेवर वेगळे यंत्र आहे. ते पाण्यात पडताच आपोआप चालू होऊन उपग्रहामार्फत बचाव केंद्राला कळवते, आणि त्याच्या नोंदणीत मी दादाचा क्रमांक दिला आहे. दादाचा फोन आला नाही तोवर, टीव्हीवर जगात कुठल्याही समुद्रातले वादळ दाखवले तरी, जेवण टाकून बसू नका.

अजून अकरा-बारा दिवसांत आम्ही सेंट लुशियाला लागू. तिथून नाव धुऊन, कागदपत्रे उरकून मी विमानाने निघेन आणि जानेवारीअखेर मावळतीची किरणे अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात त्या किरणोत्सवापूर्वी घरी पोचेन. त्या संध्याकाळी पश्चिमेला ढग आहेत का, हे आईबरोबर मलाही पाहायचे आहे. बाबा, तोवर ती २०१९ ची वही माळ्यावरून काढून ठेवा.

तुमची लेक