पाणी पिणाऱ्या पक्ष्याच्या पोटात पाणी नव्हते

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : पाणी पिणाऱ्या काचेच्या पक्ष्याच्या खोक्यावरील चुकीची व धोकादायक माहिती, तसेच सैल कडीमुळे पक्षी फुटल्याबाबत

महोदय / महोदया,

सात आठवड्यांपूर्वी तुमच्या संकेतस्थळावरून मी पाणी पिणारा पक्षी मागवला होता, म्हणजे पेल्यासमोर ठेवला की पुन्हा पुन्हा झुकून पाण्यात चोच बुडवणारे काचेचे खेळणे : वर डोके, खाली द्रवाचा गोळा आणि मध्ये नळी. गेल्या रविवारी तो फुटला. त्याच दिवशी तुम्हाला ईमेल केला, तर 'काचेच्या वस्तूंची तुटफूट वॉरंटीत बसत नाही' असे एका ओळीचे उत्तर आले. माझी तक्रार काच फुटल्याची नाही, म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे. तुमच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापले आहे : 'आत फक्त रंगीत पाणी. मुलांसाठी पूर्ण सुरक्षित.' हे खरे नाही. आणि याच ओळीवर विश्वास ठेवून माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने सांडलेल्या द्रवात हात घातला.

झाले ते असे. पक्षी तिच्या अभ्यासाच्या टेबलावर पेल्यासमोर नेहमीसारखा झुकत होता. त्याच्या नळीला मधोमध पत्र्याची एक कडी आवळलेली असते आणि तिच्या दोन टोकांवर तो झोके घेतो. ही कडी पहिल्या दिवसापासून सैल होती. मी स्वतः दोनदा पकडीने हलकेच आवळली, पण नळी काचेची, जास्त जोर लावता येत नाही. रविवारी झुकता झुकताच नळी कडीतून सरकली, पक्षी टेकूतून निसटला आणि खालचा गोळा टेबलावर आपटून फुटला. लाल द्रव पसरला. मी फडके आणायला वळले, तोवर मुलगी म्हणाली, "आई, थांब, मीच पुसते, पाणीच तर आहे." तिने दोन बोटे त्यात बुडवली आणि झटकन मागे घेतली. "केवढं गार आहे हे! बर्फासारखं!"

तेवढ्यात मला वास आला. गोडसर, डोक्यात जाणारा. पाण्याला असा वास नसतो आणि खोलीत ठेवलेले पाणी बर्फासारखे गार लागत नाही. तिला हाताला धरून न्हाणीघरात नेले, साबणाने हात धुतले, खिडक्या उघडल्या आणि तिला दुसऱ्या खोलीत बसवले. परत येऊन पाहते तो द्रव जवळजवळ उडून गेला होता. चार-पाच मिनिटेही झाली नसतील. मागे लाल रंगाची पातळ पूड राहिली होती. त्या जागी टेबलाचे पॉलिश मऊ पडून त्याला सायीसारख्या सुरकुत्या पडल्या होत्या. पेनाचे पारदर्शक प्लास्टिकचे टोपण त्या ओलीत पडले होते. ते उचलायला गेले तर टेबलाला चिकटलेले, आणि ओढल्यावर त्याच्या तळातून डिंकासारखी तार निघाली. प्लास्टिक विरघळले होते. माझ्या मुलीची बोटे याच द्रवात बुडाली होती.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी विचारले, "द्रव कोणता होता?" मी खोके हातात घेऊन उभी होते आणि त्यावर लिहिले होते 'पाणी'. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी फक्त वास सांगितला, पॉलिशचे सांगितले. त्यांनी हात पुन्हा धुवायला, खोलीत हवा खेळती ठेवायला आणि मुलीला चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी झाली तर लगेच घेऊन यायला सांगितले. तसे काही झाले नाही. मुलगी ठीक आहे. पण त्या रात्री मी दर तासाला उठून तिच्याकडे पाहत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी या पक्ष्याबद्दल मिळेल ते वाचले. पाणी पिणाऱ्या पक्ष्यात साधारणपणे डायक्लोरोमिथेन भरतात, त्यालाच मिथिलीन क्लोराइडही म्हणतात. हा द्रव साध्या हवेच्या दाबाखाली 39.6 अंश सेल्सिअसलाच उकळतो, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेपेक्षा जेमतेम अडीच अंश वर. म्हणून तो बोटावरून इतक्या झपाट्याने उडाला आणि उडताना बोटाची उष्णता घेऊन गेला. रंग आणि पॉलिश काढायच्या द्रवांत तो वर्षानुवर्षे वापरात होता. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2019 मध्ये रंग काढण्यासाठी तो सामान्य ग्राहकांना विकण्यावर बंदी घातली. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, बंद जागेत खाली साचते, श्वासावाटे जास्त गेली तर गुंगी येते, आणि शरीरात त्याचे काही प्रमाणात कार्बन मोनॉक्साइड होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला 'बहुधा कर्करोगकारक' पदार्थांच्या 2A या गटात ठेवले आहे. एका पक्ष्यात हा द्रव थोडासाच असतो आणि हवेशीर खोलीत एकदा सांडला म्हणून अनर्थ होत नाही, हेही मी वाचले आहे. मला कोणाला घाबरवायचे नाही. पण जो पदार्थ सांडल्यावर खिडक्या उघडायच्या आणि हात लावायचा नाही, त्याला 'पाणी' म्हणायचे, तेही मुलांच्या वस्तूवर, हे मला मान्य नाही.

तुमच्या पक्ष्यात हाच द्रव होता असे मी छातीठोकपणे म्हणत नाही, कारण मी तो प्रयोगशाळेत तपासून घेतलेला नाही. वास, गारवा, पॉलिश आणि टोपण या चारही खुणा त्याच्याकडे बोट दाखवतात. दुसरे काही असेल तर त्याचे नाव मला लेखी कळवा. ते पाणी नव्हते, एवढे मात्र नक्की.

याच खोक्यावर दुसरेही एक वाक्य आहे : 'कोणत्याही ऊर्जेशिवाय अखंड चालणारा पक्षी.' त्यानेही आम्हाला त्रासच दिला. सुरुवातीचे दिवस पक्षी छान चालला. मुलीने डुबक्या मोजायची वही केली होती. कोरड्या दुपारी साधारण 20 सेकंदांना एक डुबकी पडायची, ढगाळ हवेत दीड मिनिट लागायचे. मग आठवडाभर हवा दमट राहिली आणि पक्षी थांबला. ती रडवेली झाली, पक्षी आजारी पडला म्हणाली. मी तुमच्या हेल्पलाइनला फोन केला. पलीकडच्या व्यक्तीने सांगितले की पीस सदोष असेल, नवा मागवा, जुन्याला वॉरंटी नाही.

पीस सदोष नव्हता. पक्ष्याच्या डोक्यावरच्या मखमली कापडातले पाणी उडते, त्यामुळे डोके गार होते. डोक्यातली वाफ थंड होऊन तिचा काही भाग पुन्हा द्रव होतो आणि वरचा दाब उतरतो. खालच्या गोळ्यातला दाब तुलनेने जास्त असल्याने तो द्रवाला नळीतून वर ढकलतो. डोके जड होते, पक्षी झुकतो, चोच पेल्यात बुडते. झुकल्यावर नळीचे खालचे टोक द्रवाबाहेर येते, खालची वाफ बुडबुड्यासारखी वर जाते, दोन्हीकडचा दाब सारखा होतो, द्रव खाली उतरतो आणि पक्षी उभा राहतो. हे सगळे चालते ते खोलीतल्या हवेच्या उष्णतेवर आणि पाणी उडण्यावर. हवा खूप दमट असली की पाणी फारसे उडत नाही, मग पक्षी थांबणारच. पेल्यातले पाणी संपले तरी थांबणार. ऊर्जेशिवाय अखंड चालणारे यंत्र जगात कुठेच नाही.

हे मी मुलीला समजावून सांगितले तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे मला ताप आल्यावर तू कपाळावर ओली पट्टी ठेवतेस, तशी त्याच्या डोक्यावर आहे." त्यानंतर दोन दिवसांनी हवा कोरडी झाली आणि पक्षी आपला आपण झुकायला लागला. ती घरभर धावत सगळ्यांना सांगत होती. मला वाईट वाटते ते याचे, की तुमच्याकडे इतकी सुंदर गोष्ट आहे आणि तिच्यावर तुम्ही खोटे छापता. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमधल्या माइल्स सलिव्हन या संशोधकाने 1945 मध्ये अशा पक्ष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 1946 मध्ये त्यांना ते मिळाले. त्यातही द्रव म्हणून ईथर, क्लोरोफॉर्म अशी झटकन उडणारी द्रव्येच सांगितली आहेत. म्हणजे आत साधे पाणी नसते ही गोष्ट ऐंशीच्या आसपास वर्षे उघड आहे.

आता मला काय हवे ते लिहिते. खोक्यावरून आणि संकेतस्थळावरून 'फक्त रंगीत पाणी' आणि 'पूर्ण सुरक्षित' हे शब्द ताबडतोब काढा. आतल्या द्रवाचे खरे नाव छापा आणि त्याखाली ठसठशीत लिहा की पक्षी फुटला तर मुलांना दूर करा, खिडक्या उघडा, उघड्या हाताने पुसू नका, हाताला लागले तर साबणाने धुवा. मोठ्यांच्या देखरेखीशिवाय मुलांना देऊ नका, हेही लिहा. ज्यांनी आजवर हा पक्षी तुमच्याकडून घेतला त्यांचे ईमेल तुमच्याकडे आहेत. त्या प्रत्येकाला हे कळवा. माझ्यासाठी ही सगळ्यात महत्त्वाची मागणी आहे, कारण कुठल्या तरी घरात आत्ता हा पक्षी लहान मुलाच्या उशाशी ठेवलेला असेल. कडी बदला. ती नळीवर इतकी घट्ट बसली पाहिजे की ग्राहकाला पकड हातात घ्यावी लागू नये. दमट हवेत पक्षी मंदावतो किंवा थांबतो हे माहितीपत्रकात घाला आणि हेल्पलाइनवरच्या लोकांनाही शिकवा, म्हणजे ते चांगला पक्षी टाकून नवा घ्यायला सांगणार नाहीत.

पैसे परत करायचे की नाही हे तुम्ही ठरवा. टेबलाच्या पॉलिशचा खर्च मी मागत नाही. मात्र बदली म्हणून तसाच दुसरा पक्षी पाठवू नका. खोक्यावर खरे छापलेले आणि कडी सुधारलेली असेल तर मी तो स्वतः विकत घेईन. मुलगी रोज विचारते.

सोबत पावती, खोक्याच्या तिन्ही बाजूंचे, टेबलाचे, विरघळलेल्या टोपणाचे आणि सैल कडीचे फोटो जोडले आहेत. फुटलेले तुकडे आणि कडी घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत घालून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवली आहे. तपासणीसाठी हवी असल्यास तुमच्या माणसाच्या हाती देईन, कुरिअरने पाठवणार नाही. या पत्राचे लेखी उत्तर 15 दिवसांत मिळावे. ते वॉरंटीबद्दल नसावे, आतल्या द्रवाबद्दल असावे.

आपली विश्वासू,
एक ग्राहक