मीनलला, पहिल्या गिगच्या आधी

प्रिय मीनल,

तुझं पत्र परवा मिळालं. नवे रॉक बँड लोकांना सापडतात तरी कुठे, आणि क्लबातल्या गिगला, म्हणजे बँडच्या प्रत्यक्ष कार्यक्रमाला, पहिल्यांदा जाताना काय काय ठाऊक असावं, असे दोन प्रश्न तू विचारलेस. ठाण्यात राहायला येऊन महिना होत नाही तोच तू ही चौकशी सुरू केलीस याचा मला मनापासून आनंद झाला, म्हणून जरा सविस्तर लिहिते. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच जागी आहे. नवा बँड मुख्य बँडच्या आधी, अर्ध्या रिकाम्या हॉलमध्ये वाजवत असतो. तिथे वेळेवर पोचलीस की निम्मं काम झालं.

तरी घरबसल्या करायची शोधाशोध आधी सांगते. फोनवरचं गाणी ऐकायचं ॲप तुला तेच ते ऐकवतं, कारण तुझ्यासारखं ऐकणाऱ्यांनी आणखी काय ऐकलं एवढ्यावर ते मुख्यतः चालतं. ज्या बँडला ऐकणारेच तीनशे आहेत त्याची सांगड कुणाशी घालायची हे त्याला कळत नाही. म्हणून गाण्यावरून गाण्याकडे जाऊ नकोस, माणसावरून माणसाकडे जा. मुंबईच्या ‘झिरो’ या बँडचं उदाहरण घे. त्यांचा गिटारवादक वॉरेन मेंडोन्सा, त्याच्यावरून तू ‘ब्लॅकस्ट्रॅटब्लूज’पाशी पोचतेस, तिथे बहुतेक सगळं शब्दांविना, गिटारच गाते. झिरोचा ड्रमर सिद्द कूटो, त्याच्यावरून ‘टफ ऑन टोबॅको’. ब्लॅकस्ट्रॅटब्लूजसाठी ड्रम्स वाजवणारा जय रो कवी ‘इंडस क्रीड’ पुन्हा एकत्र आलं तेव्हा त्यातही होता. आणि इंडस क्रीड म्हणजे 1984 साली सुरू झालेलं ‘रॉक मशीन’, ज्याने 1993 मध्ये नाव बदललं; गायक उदय बेनेगल, गिटारवर आपला महेश तिनईकर. एका बँडवरून तीन बँड आणि शहराचा तीस-चाळीस वर्षांचा इतिहास हाती लागला.

या साखळीत ड्रमरचं नाव सर्वांत आधी बघ. मुंबईच्या फ्लॅटमध्ये ड्रमसेट ठेवून रोज वाजवणं किती अवघड असेल ते तूच विचार कर. त्यामुळे चांगले ड्रमर मोजके, आणि एकेक जण तीन-चार बँडांत वाजवतो. दुसरं नाव मिक्सिंग करणाऱ्याचं, म्हणजे रेकॉर्डिंगमधल्या सगळ्या वाद्यांचा मेळ जमवणाऱ्याचं. ज्याच्या हातचा आवाज तुला आवडला त्याने आणखी कुणाची रेकॉर्डिंगं केलीत ते बघ.

यासाठी बँडकॅम्प हे गाणी ऐकायचं आणि विकत घ्यायचं संकेतस्थळ मला सगळ्यांत सोयीचं वाटतं. तिथे शहराच्या नावाने शोधता येतं: मुंबई, पुणे, बंगळुरू, शिलाँग. यादी ‘नवं आधी’ अशी लावून घे. अल्बमच्या पानावर तो विकत घेतलेल्या लोकांची छोटी चित्रं दिसतात. त्यातल्या एकावर टिचकी मारलीस की त्या माणसाचा सगळा संग्रह उघडतो. एखाद्या दर्दी माणसाचं कपाट धुंडाळावं तसं ते असतं, आणि तिथे मिळणारी नावं कुठलंही ॲप सुचवणार नाही. डिजिटल विक्रीतले साधारण 15 टक्के बँडकॅम्प घेतं, बाकीचे (पैसे चुकते करण्याचा खर्च वजा जाता) बँडला मिळतात. म्हणून आवडलं तर विकत घे, नुसतं ऐकून सोडू नकोस.

त्यानंतर बँड प्रत्यक्षात कसा वाजवतो ते तपास. स्टुडिओत एकेक ओळ वीस वेळा गाऊन जोडता येते. सिएटलचं केईएक्सपी हे रेडिओ केंद्र किंवा शिकागोची ऑडिओट्री ही संगीत कंपनी यांच्या चित्रफितींत बँड एका खोलीत सलग वाजवतात, त्यावरून चांगला अंदाज येतो. आपल्याकडच्या बँडांच्या बाबतीत प्रेक्षकांतल्या कुणी फोनवर टिपलेली फीतही चालते. आवाज फाटलेला असला तरी दोन गोष्टी कळतात: ड्रमर आणि बासवाला एकत्र आहेत का, आणि गाण्याचा शेवट सगळे एकदम करतात का. ज्यांचा शेवट नेटका, त्यांचा सराव झालेला असतो.

सुरुवातीला थोडी नावं देते, मुद्दाम वेगवेगळ्या वळणांची: पुण्याचे ‘ईझी वाँडरलिंग्ज’, चेन्नईचे ‘स्क्रॅट’, शिलाँगचे ‘सोलमेट’ (ब्लूज), सिक्कीमचे ‘गिरीश अँड द क्रॉनिकल्स’ (जुन्या धाटणीचा हार्ड रॉक), दिल्लीचे ‘ब्लडीवुड’ आणि मुंबईचे ‘भयानक मौत’ (दोन्ही मेटल, बेताने घे). ‘अभंग रिपोस्ट’ तर तुझ्या आईलाही ऐकव; संतांचे अभंग बास, गिटार आणि ड्रम्सवर. आठवड्याला अर्धा तास, चार बँड, प्रत्येकाची तीन गाणी, आणि वहीत एकच नाव. नावापुढे गाव आणि ते कुणावरून मिळालं ते लिही.

आता क्लब. रॉक बंद खोलीत का शिरला हेही थोडं सांगते, कारण तिथला आवाज त्यावरच ठरतो. 1986 पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव गाजला तो मुंबईतल्या धोबीतलावच्या रंगभवनात, उघड्यावर. मग ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्या भोवतीचे 100 मीटर शांतता क्षेत्र, आणि रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद. रंगभवनाच्या एका बाजूला कॉलेज, जवळच रुग्णालयं. तिथलं संगीत थांबलं. बंद सभागृहांना रात्रीच्या त्या बंदीतून सूट आहे, त्यामुळे रात्रीचे कार्यक्रम चार भिंतींत गेले. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात 2007 ते 2016 ‘ब्लू फ्रॉग’ होतं, गिरणीच्या जुन्या गोदामात. आता लोअर परळातच ‘अँटीसोशल’, पुण्यात ‘हाय स्पिरिट्स’. क्लबच्या खोल्या बहुधा बसक्या छताच्या, कडक भिंतींच्या असतात. आवाज कुठे उभं राहून ऐकतेस यावर सगळं अवलंबून आहे ते त्यामुळेच.

तिकीट काढताना एक गोष्ट विचारून घे: हा कव्हर चार्ज आहे की एन्ट्री? कव्हर असेल तर ती रक्कम आत खाण्यापिण्यात वळती होते, एन्ट्री असेल तर नाही. तिकीट शक्यतो आधी काढ. आगाऊ विक्री कमी दिसली की आयोजक धास्तावतात, आणि पहिला फटका लहान बँडला बसतो. वयाची अट बघ. महाराष्ट्रात बिअर-वाईनला 21 आणि कडक दारूला 25 वर्षं पुरी लागतात, म्हणून बरेच क्लब 21 खालच्यांना आत घेत नाहीत. तू पीत नसलीस तरी ओळखपत्र लागेलच. पाण्याची बाटली दारात काढून घेतात. पिशवी ठेवायला बहुधा जागा नसते, तेव्हा खांद्याला तिरकी अडकवता येईल अशी लहान पर्स ने. पायात बंद बूट, चपला मुळीच नकोत.

पोस्टरवर आठ लिहिलं असेल तर आठला दार उघडतं. पहिला बँड नऊच्या आसपास सुरू होतो आणि तीस-चाळीस मिनिटं वाजवतो. तू साडेआठला आत हवीस. पहिल्या बँडकडे लोक पाठ करून गप्पा मारत असतात, याचा मला नेहमी राग येतो. पुढे जाऊन उभी राहा. वीस माणसं समोर उभी असली तरी वाजवणाऱ्याचा हात वेगळा चालतो.

दोन बँडांच्या मधे पंधरा-वीस मिनिटं जातात, कधी जास्त. कंटाळून बाहेर जाऊ नकोस, त्यात बघण्यासारखं खूप असतं. ड्रमसेट आणि ॲम्प्लिफायर बहुधा सामाईक असतात, त्याला बॅकलाइन म्हणतात. पण स्नेअर (काठ्यांनी वाजवायचा छोटा ड्रम), झांजा आणि किकचं, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं, पेडल प्रत्येक ड्रमर आपलं आणतो, कारण लवकर खराब होतात त्या याच वस्तू आणि प्रत्येकाचा हात-पाय त्यावरच बसलेला असतो. मग लाइन चेक: एकेक माइक, एकेक वायर वाजवून बघायची. इथेच घोटाळे कळतात. सलग घूं असा जाड आवाज आला तर तो विजेच्या 50 हर्ट्झचा गुणगुणाट. दोन उपकरणांचं अर्थिंग वेगवेगळ्या वाटांनी गेलं की होतो. एक वाद्य खरखरत असेल तर बहुतेक वेळा दोष जोडणीच्या वायरीचा. आणि किंचाळल्यासारखी शिट्टी आली तर फीडबॅक: माइकने स्टेजवरच्या मॉनिटरचा (वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेल्या स्पीकरचा) आवाज उचलला, तो पुन्हा मॉनिटरमधून आला, पुन्हा माइकमध्ये गेला. गायकाने माइकची जाळी मुठीत धरली की हे हमखास होतं. तो माइक पाठीमागचा आवाज टाळेल असा बनवलेला असतो. जाळी झाकली की ते बळ जातं आणि तो चहूकडचं ऐकू लागतो.

कुठे उभं राहायचं, हे नीट वाच. ‘गाणाऱ्याचं काही ऐकूच आलं नाही’ अशी तक्रार करणारे बहुतेक अगदी पुढे उभे होते असं समज. लहान क्लबमध्ये ड्रम्स आणि गिटारचा आवाज स्टेजवरून थेट तुझ्यावर येतो, पण गळा फक्त मोठ्या स्पीकरमधून येतो, आणि ते स्पीकर दोन्ही कडांना, पहिल्या रांगेच्या पलीकडे तोंड करून असतात. गिटारच्या ॲम्पसमोर उभी राहिलीस तर आणखीच वाईट. त्याचे वरचे स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. चांगली जागा म्हणजे मिक्सरवर (सगळे आवाज जमवायच्या यंत्रावर) बसलेल्या साऊंड इंजिनिअरच्या दोन पावलं पुढे, कारण तो त्याच्या कानांना जे येतं तेच जमवत असतो. मिक्सर कोपऱ्यात ढकललेला असेल तर हा नियम सोड. मग दोन स्पीकरांमध्ये जितकं अंतर, साधारण तितकंच मागे, मध्याच्या जरा बाजूला. अगदी मधोमध नको, तिथे दोन्ही बाजूंचा खर्ज एकत्र येऊन फुगतो. भिंतीला टेकून तर मुळीच नको. 40 हर्ट्झच्या स्वराची एक लाट साडेआठ मीटर लांब असते, ती भिंतीशी आणि कोपऱ्यात साठते. बासचा प्रत्येक सूर सारखाच घुमतो आणि कोणता वाजला ते कळत नाही. पहिल्या दोन गाण्यांत आवाज गढूळ वाटला तर थांब. साऊंडचेक, म्हणजे आवाजाची आधीची चाचणी, रिकाम्या खोलीत झालेला असतो. माणसं भरली की अंगं आणि कपडे वरचे स्वर शोषतात, आणि इंजिनिअरला ते पुन्हा जमवायला वेळ लागतो. बँड चांगला आहे की नाही ते तिसऱ्या गाण्यापासून ठरव.

कानांचं मात्र हयगयीने घेऊ नकोस, मीनल. 85 डेसिबलला आठ तास सुरक्षित धरतात, आणि प्रत्येक 3 डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. म्हणजे 94 ला एक तास आणि 100 ला फक्त पंधरा मिनिटं. क्लबात ड्रम्सजवळ शंभर सहज होतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये अशा जागांसाठी पंधरा मिनिटांची सरासरी 100 डेसिबलपलीकडे नको असं सांगितलंय. तरी कान आपलेच, काळजी आपणच घ्यायची. कापसाचे बोळे कुचकामी. फोमचे प्लग कान वाचवतात, पण वरचे स्वर जास्त खातात, त्यामुळे गाणं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. संगीतासाठीचे फिल्टरवाले प्लग मिळतात, ते सगळे स्वर जवळजवळ सारखे खाली आणतात. शब्दसुद्धा जास्त स्पष्ट कळतात. फोमचे वापरायचे तर आधी बोटांत वळून बारीक कर, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर-मागे ओढ, प्लग आत सरकव आणि फुगेपर्यंत तीसेक सेकंद बोटाने धरून ठेव. बहुतेकांचे प्लग बाहेर येतात ते ही शेवटची तीस सेकंदं गाळल्यामुळे. घरी आल्यावर कानात सूं वाजत राहिलं तर आवाज जास्त झाला असं समज, आणि एक-दोन दिवसांत थांबलं नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव.

मेटलच्या गिगला मधोमध मॉश पिट होतो, माणसं एकमेकांवर आदळतात. कडेला उभी राहा, एक पाय पुढे, हात छातीशी. कुणी पडलं की सगळे थांबून आधी उचलतात, तूही उचल. चष्मा खिशात.

संपल्यावर मर्चच्या, म्हणजे बँडच्या वस्तू विकायच्या, टेबलापाशी जा. पहिल्या बँडचे लोक तिथेच, बहुधा स्वतःच टी-शर्ट विकत असतात. ‘तिसरं गाणं कुठलं होतं?’ एवढं विचार, आणि ‘तुम्ही स्वतः सध्या कुणाला ऐकता?’ हे जरूर विचार. वहीतली पुढची तीन नावं तिथेच मिळतील.

ठाण्याला परतायचं म्हणून लोअर परळला पश्चिम रेल्वेवर जाऊ नकोस, मध्य रेल्वेच्या करी रोडला चालत जा. बारानंतर गाड्या विरळ होतात. निघण्याआधी एम-इंडिकेटर या ॲपवर शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा बघून ठेव आणि शेवटच्या आधीचीच गाडी धर. ती चुकलीच तर शेवटची आहे.

फिल्टरवाल्या प्लगची एक नवी जोडी या पत्रासोबत पाठवते आहे. मोठ्या टोकाची बसली नाही तर डबीत लहान टोकं आहेत. कुठल्या तारखेचं तिकीट काढलंस ते कळव, आणि पोस्टरवर सगळ्यात बारीक अक्षरांत कुणाचं नाव आहे तेही.

तुझी,
शर्वरी