मालिन बुद्रुक, मालिन खुर्द

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, गुडघा कसा आहे? व्यायाम सोडू नकोस. आणि बाबा, आजचं पत्र तुमच्या मोजणी खात्याचं आहे.

माझं आता पेशंटच्या घरी जायचं काम सुरू झालंय. किलीबेग्जहून समुद्र डाव्या हाताला ठेवून पश्चिमेला निघायचं. किलकार, कॅरिक आणि शेवटी ग्लेनकोलमकिल. हा आयर्लंडमधल्या डोनेगल जिल्ह्याचा, आयरिश गेलिक बोलणारा पट्टा. 2005 पासून इथल्या गावांची गेलिक नावंच कायदेशीर, म्हणून पाट्यांवर इंग्रजी रूपं नाहीत. 2015 मध्ये घरोघरी एअरकोड, म्हणजे प्रत्येक घराचा वेगळा पिनकोड, आले, तरी म्हातारी माणसं पत्ता सांगतात तो टाउनलँडचा, म्हणजे आपल्या एखाद्या वाडीच्या शिवाराचा.

इथे मालिन मोर आणि मालिन बेग अशी दोन गावं आहेत. मोर थोरलं, बेग धाकटं. आपलं बुद्रुक आणि खुर्दच की! एका आजींच्या पायाचं ड्रेसिंग करताना त्या खिडकीतून बोट दाखवून एकेक जागा सांगतात. कुरणं, ओढ्याची वळणं, मासे धरायला बसायचे खडक, सगळ्यांना नावं. त्यातली बरीच कुठल्याच नकाशावर नाहीत.

नकाशे फार नेटके झाले, ते खरं. आयर्लंडच्या मोजणीचा प्रमुख कर्नल कोल्बी याने लोखंड-पितळेच्या जोडपट्ट्यांनी 1827-28 मध्ये लॉक फॉइल या खाडीजवळ बेसलाइन, म्हणजे सगळ्या मोजणीची पायारेषा, मोजली. तशाच पट्ट्या जॉर्ज एव्हरेस्ट या मोजणी अधिकाऱ्याने पुढे हिंदुस्थानच्या मोजणीला वापरल्या. 1835 मध्ये त्याच मोजणीसाठी जॉन ओ'डोनोव्हन डोनेगलभर फिरून जुन्या माणसांना नावं विचारत होता. नकाशावर मात्र ती इंग्रजी वळणाने चढली. विचारणारा भेटला म्हणून निदान तेवढी तरी राहिली, असं मला वाटतं.

आई, ग्लेनकोलमकिल हे नाव कोलम किल या सहाव्या शतकातल्या संताचं. 9 जूनला लोक त्याच्या नावाने 15 ठिकाणी थांबत यात्रा करतात, सुमारे पाच किलोमीटर, बरेच जण अनवाणी. क्रूस कोरलेल्या जुन्या दगडांना उजवी प्रदक्षिणा घालतात. तू असतीस तर चपला काढून निघालीच असतीस.

बाबा, सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना असतो. आपल्या उताऱ्यावर तो कोराच आहे. गटवारीनंतर सगळे गट नंबरच बोलतात. बोरीची पट्टी, वेताळाचं वावर हे आजीच्या तोंडचं. तुम्ही दोघं बसून एका वहीत सगळं लिहून काढा. विहिरीपलीकडच्या तुकड्याला काय म्हणायचे, नाल्याकाठच्या खडकाला काय, आईच्या माहेरच्या शिवाराचंही. गटाचा नकाशा घरात आहेच, त्यावर पेन्सिलीने खूण करा.

रविवारी फोन करते, तेव्हा विहिरीपासून सुरुवात करू. बीपीची गोळी चुकवू नका.

तुमची,
लेक