युझू म्हणजे ‘जपानी लिंबू’ नव्हे

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीतील पाककृतींच्या सदरात युझू या फळाला ‘जपानी लिंबू’ म्हटले असून, ते न मिळाल्यास तितकाच लिंबाचा रस घालावा, असे सुचवले आहे. नोकरीनिमित्त काही वर्षे मी शिकोकू बेटावरील कोची प्रांतात (केरळातील कोचीशी याचा काही संबंध नाही) राहिले आहे आणि जपानातील जवळपास निम्मे युझू तिथेच पिकते, म्हणून हे लिहीत आहे.

लिंबू आपण रसासाठी आणतो. युझू मुख्यतः सालीसाठी. खडबडीत सालीचे ते पिवळे फळ चिरले, की आत टपोऱ्या बियांचीच दाटी दिसते आणि पिळून जेमतेम एक-दोन चमचे रस निघतो. मात्र त्याच सालीचा नखाएवढा काप झाकणाच्या वाटीतल्या गरम सुपावर ठेवला, तर झाकण उचलताच संत्र्याचा गोडवा, लिंबाचा तिखटपणा आणि किंचित कडवट असे काहीतरी एकदम नाकाशी येते. हा सुवास उकळल्यावर उडून जातो, त्यामुळे साल शेवटी घालायची, आपण कोथिंबीर घालतो तशी. क्यूशू बेटावर हिरव्या युझूची साल, मिरची आणि मीठ वाटून ‘युझू कोशो’ करतात. एरवी जपानीत ‘कोशो’ म्हणजे मिरी, पण त्या भागात मिरचीलाही तोच शब्द आहे. आपल्या ठेच्याची आठवण व्हावी असा हा प्रकार.

हे झाड मूळचे चीनचे, पण हजाराहून अधिक वर्षे जपानात रुजलेले. शून्याखालची थंडी ते सोसते. बी पेरून वाढवले तर फळासाठी अठरा वर्षे थांबावे लागते, अशी तिकडे म्हण आहे. हल्ली बहुतेक शेतकरी कलमेच लावतात. डिसेंबरात वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी कढत पाण्याच्या टबात अख्खी युझू सोडून स्नान करतात. सर्दी होत नाही, ही त्यामागची समजूत. तिची खात्री मी देणार नाही, पण अंगाला येणारा वास दुसऱ्या दिवशीही टिकतो.

तेव्हा युझू न मिळाल्यास वाचकांनी लिंबाचा रस वाढवण्याऐवजी लिंबू आणि संत्रे या दोहोंची साल, आतला पांढरा भाग टाळून, बारीक किसून घालावी.

आपली,
एक वाचिका, पुणे