दादा, तुमच्यामुळे आपला खेळ लोकांच्या कानांपर्यंत पोहोचला

दादा,

नाव लिहू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं दादा. पण आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत.

आपला मोबाइलवरचा खेळ दृष्टिहीनांसाठीचा, कानांनी खेळायचा. हेडफोन लावायचे, पाण्याचा थेंब डावीकडे पडतोय की उजवीकडे हे ओळखत भुयारातून बाहेर पडायचं. पडदा शेवटपर्यंत काळा. ॲप स्टोअरच्या तपासणीत नेमकं तेच आडवं आलं. 'ॲप उघडल्यावर काहीच दिसत नाही' म्हणून नकार. मी खुलासा लिहून पुन्हा पाठवला, तर पुन्हा तोच मजकूर. तिसऱ्या नकारानंतर मी सगळं गुंडाळायला निघालो होतो. तेव्हा तुम्ही फोनवर म्हणालात, "फाइल मला दे. मी खेळून बघतो, मग काय ते ठरव."

एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर ॲप टाकायची फाइल, तुमच्या फोनवर इन्स्टॉलच होईना. मी फक्त नव्या, ६४ बिटच्या फोनवर चालणारं बिल्ड (ॲपची तयार प्रत) काढलं होतं आणि तुमचा फोन जुना, ३२ बिटचा. बोटांना सवय झालेला फोन सहजी बदलवत नाही, हे तुम्ही सांगेपर्यंत माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. त्याच रात्री दोन्ही बिल्ड एका फाइलमध्ये घातली.

पण मला सगळ्यात जास्त आठवतात त्या सूचना. स्टोअरऐवजी फाइल थेट लोकांना द्यायची, म्हणून इन्स्टॉल कसं करायचं ते दाखवायला मी स्क्रीनशॉटवर लाल बाण काढले होते. दृष्टिहीनांसाठीच्या खेळाला! तुम्ही रागावला नाहीत. टॉकबॅक (पडद्यावरचं बोलून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) जे जसं वाचतो त्याच क्रमाने सगळ्या पायऱ्या शब्दांत लिहून दिल्यात. अनोळखी ॲपचा इशारा ऐकून माणूस दचकतो, म्हणून तो का येतो हे आधीच सांगायला लावलंत. २०१७ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ८ पासून अनोळखी ॲप टाकायची परवानगी अख्ख्या फोनला नाही, तर फाइल ज्या ॲपमधून उघडतो त्या ब्राउझरला किंवा फाइल मॅनेजरला द्यावी लागते. म्हणून शेवटची पायरी तुमची: खेळ सुरू झाला की ती परवानगी परत काढून घ्या. मला ती सुचली नसती, कारण खेळ एकदाचा उतरला की माझं काम संपलं असं मी धरून चाललो होतो.

जाहिरातींसाठी जोडलेलं एसडीके (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) लोकेशन मागत होतं, तेही तुमच्याच प्रश्नामुळे काढलं. स्टोअरबाहेर अपडेट आपोआप जात नाही, म्हणून सुरुवातीलाच आवृत्तीचा आकडा बोलून दाखवायची कल्पनाही तुमची.

आणि साइनिंग की, म्हणजे ॲप आपलंच आहे हे फोनला पटवणारी डिजिटल किल्ली. "कुठे ठेवली आहेस?" असं तुम्ही विचारलंत तेव्हा ती फक्त माझ्या लॅपटॉपवर होती. ती हरवली असती तर नवी आवृत्ती जुनीवर बसली नसती. खेळ काढून परत टाकावा लागला असता आणि लोकांनी पार केलेले टप्पे पुसले गेले असते. तुम्ही फोन चालू ठेवलात आणि मी दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवेपर्यंत थांबलात.

पहिल्या अपडेटनंतर एका मुलीने ध्वनिसंदेश पाठवला. तिचा सातवा टप्पा जागेवर होता. मागे थेंबांचा आवाज येत होता आणि ती मध्येच थांबून म्हणाली, "एक मिनिट, उजवीकडे आहे." तो संदेश या पत्रासोबत तिला विचारूनच तुम्हाला पाठवतोय. हेडफोन लावून ऐका.

तुमचा धाकटा भाऊ