एका शब्दासाठी सोडलेले दप्तर आता पुरते उघडा

मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

२०२३ साली न्या. संदीप शिंदे (निवृत्त) यांची समिती नेमली गेली आणि आधी मराठवाड्यात, मग राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. त्या निमित्ताने तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांत वर्षानुवर्षे न सुटलेल्या गाठी सुटल्या. कोतवाल बुक, कडई पत्रके, हक्कनोंदी, शाळांची जुनी रजिस्टरे खाली उतरली, मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी गेली. आरक्षणाच्या वादात आम्ही येथे शिरत नाही, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. आमचे म्हणणे गाठोड्यांपुरते आहे. शोध एका शब्दाचा होता, म्हणून ज्या पानावर तो शब्द सापडला तेच पान मोलाचे ठरले. आमची मागणी अशी की, ही दप्तरे आता मुखपृष्ठापासून शेवटच्या पानापर्यंत स्कॅन व्हावीत आणि सुरुवात सातारा व सांगलीपासून व्हावी.

गाव नमुना १४, म्हणजे लोकांच्या तोंडी कोतवाल बुक, याच्याइतकी सर्वांना सामावून घेणारी दुसरी वही नाही. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती त्याच्याही जन्ममृत्यूची तारीख तिच्यात मिळते. पण ती वाचावी कशी हे ठाऊक नसेल तर माणूस रिकाम्या हाताने परततो. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसतेच. बारशाच्या आत कोतवाल नोंद देऊन मोकळा झालेला असे. तारीख, बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, संपले. म्हणून पणजोबांच्या नावाने शोधणाऱ्याला ते सापडत नाहीत. खापरपणजोबांच्या नावाने, पाच-सहा वर्षांचा पट्टा धरून शोधावे लागते. मग शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरशी ताळा. तेथे नाव पक्के असते, पण जन्मतारीख गुरुजींनी अंदाजाने घातलेली १ जून. दोन्ही वह्या समोरासमोर ठेवल्याशिवाय माणूस उभा राहत नाही.

मृत्यूच्या बाजूला कारणाचा रकाना आहे: पटकी, देवी, ताप, प्लेग. १९१८ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरची पाने पाहावीत. एकाच घरातली तीन-तीन माणसे आठवड्याच्या आत ‘ताप’ या एका शब्दाखाली गेलेली दिसतात. ती मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ. एखाद्या घराण्याची शाखा फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत, अचानक का तुटते, विधवेच्या नावे जमीन का चढते, याचे उत्तर अनेकदा या तीन महिन्यांत असते. आता गंमत पाहा, या पानांवर शोधायचा तो शब्द नसला तर त्यांचे स्कॅन करण्याचे कोणाला कारणच नव्हते.

नावांचा घोळ वेगळाच. ‘धोंडी बिन रामा’ म्हणजे रामाचा मुलगा धोंडी. बाईच्या नावापुढे ‘कोम’ आले की पुढचे नाव नवऱ्याचे. आडनाव पुष्कळदा लिहिलेले नसते. त्यात आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल, त्यामुळे धोंडी बिन रामा, रामा बिन धोंडी, पुन्हा धोंडी बिन रामा अशी साखळी तयार होते आणि हौशी माणूस दोन पिढ्या एकीत घालून बसतो. वंशावळीतली ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. ती पकडायची तर मृत्यूच्या वेळचे वय, बायकोचे नाव आणि वारसाचा फेरफार या तिन्हींचा मेळ बसवावा लागतो. एकाच पानाच्या नकलेवर हे होत नाही.

फेरफाराचा माग त्या मानाने सोपा. सात-बारावरच्या वर्तुळांतले फेरफार क्रमांक उतरवून घ्यायचे आणि मागे मागे जायचे. मुंबई इलाख्यातला हक्कनोंदीचा पहिला कायदा १९०३ चा, तेव्हा साधारण त्यानंतरच्या दोन दशकांपर्यंत हा रस्ता नेतो. वाटेत ‘ए.कु.मॅ.’ ही तीन अक्षरे लोकांना फसवतात. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्याचे एकट्याचे नाव लागलेले असते आणि धाकट्या भावांच्या नातवंडांना वाटते, आपला आजा भूमिहीन होता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या वारस नोंदींत मुलींची नावे बहुधा गळालेली असतात, त्यांच्यासाठी पुन्हा कोतवाल बुकाकडेच यावे लागते.

त्याच्याही मागे जायचे तर मोडी, आणि मोडीबरोबर सनांचा हिशेब. शके असेल तर ७८ किंवा ७९ मिळवायचे, फसली असेल तर ५९० किंवा ५९१, शुहूर असेल तर ५९९ किंवा ६००. शुहूर सन आकड्यात नव्हे तर अरबी शब्दांत येतो: ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर व हजार, एकूण ११७१, अर्थात इ. स. १७७०-७१. हे न कळल्यामुळे कागद शंभर वर्षे पुढे-मागे लावलेला आढळतो. जुने कागद फक्त पाटील-कुलकर्ण्यांचेच असतात हाही एक गैरसमज. १८७४ च्या वतन कायद्याने हलक्या म्हटल्या गेलेल्या वतनांचीही नोंद ठेवली. महार वतनदारांची नावे आणि त्यांचे वाटे अशा कागदांत आहेत, आणि कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा, म्हणजे हा धागा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येतो. या वह्या स्कॅनच्या यादीत शेवटी टाकू नयेत.

आता हे दोनच जिल्हे का, आणि पत्र जिल्हाधिकाऱ्यांना न लिहिता आपल्याला का? दक्षिण सातारा जिल्हा १ ऑगस्ट १९४९ रोजी वेगळा निघाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. त्याआधी वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे सातारा जिल्ह्यातच होते. शिवाय मधे संस्थानांची ठिगळे: सांगली, थोरली मिरज, धाकटी मिरज, जत, औंध, फलटण. ही १९४८ साली विलीन झाली. आटपाडी औंध संस्थानात, म्हणजे आज सांगली जिल्ह्यातल्या माणसाचा कागद एकेकाळच्या औंधच्या दप्तरात. कोणते दप्तर विलीनीकरणात कोणत्या कचेरीकडे गेले याची एक छापील यादी जरी दोन्ही जिल्ह्यांनी मिळून केली, तरी लोकांचे निम्मे हेलपाटे वाचतील. दोन जिल्ह्यांना एका मेजावर बसवणे आपल्याच हातात आहे.

पहिल्या महायुद्धातल्या शिपायांच्या बाबतीत हाच घोटाळा उलट बाजूने होतो. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदींत अनेक मराठी शिपायांपुढे बापाचे नाव, गाव आणि ‘सातारा, मुंबई’ असे दिले आहे. सांगलीकर ते वाचून आपला नव्हे म्हणून सोडून देतो, आणि तो असतो तासगावचा. मेसोपोटेमियात गेलेल्यांची नावे बसऱ्याच्या स्मारकाशी जोडलेली आहेत, फ्रान्समधल्यांची न्यू शापेलच्या. या लोकांना थडगे नाही. गावातल्या कोतवाल बुकातही मृत्यू नाही, कारण मृत्यू गावात झाला नाही. वारस नोंदीत मात्र ‘मयत’ लागते. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांच्या त्या वर्षांच्या फेरफार वह्या म्हणून आधी घ्याव्यात.

थडग्यांचा विषय आला म्हणून थोडे. हिंदूंत दहन, त्यामुळे आपल्याकडे दफनभूमीचा उपयोग नाही असे समजले जाते. लिंगायतांच्या रुद्रभूमी, गोसाव्यांच्या समाध्या, कब्रस्ताने, मिरज-साताऱ्याची ख्रिस्ती दफनभूमी, पाचगणी-महाबळेश्वरची युरोपीय थडगी हे सगळे या दोन जिल्ह्यांत आहे. पाचगणीची वसाहत उभी करणारे जॉन चेसन तेथल्याच सेंट पीटर्स चर्चच्या आवारात विसावले आहेत. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. शेवाळ आणि दगडफूल अक्षरे खाते. संगमरवरात शिसे भरून केलेली अक्षरे गळतात आणि नुसती भोके उरतात, पण त्या भोकांच्या रांगेवरूनही नाव वाचता येते. सकाळी आठच्या सुमारास किंवा उन्हे कलल्यावर तिरप्या प्रकाशात फोटो घ्यावा, हवा तर आरशाने प्रकाश पाडावा. खडू फासणे, तारेचा ब्रश आणि ॲसिड यांवर मात्र सरळ बंदी घालावी. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. आपल्या खात्याकडून येथे एकच अपेक्षा आहे: दफनभूमीच्या प्रत्येक तुकड्याची सात-बारावर तशी नोंद आहे का, हे तलाठ्यांनी एकदा तपासून द्यावे. नोंद नसली की जागा ‘पड’ ठरते, आणि पड जागेचे पुढे काय होते ते आपल्याला आम्ही सांगायला नको.

हल्ली लोक डीएनए अहवाल हातात घेऊन येतात. मॉरिशसहून येणाऱ्यांचे तर हेच सुरू आहे. एकोणिसाव्या शतकात करारावर गेलेल्या मजुरांच्या नोंदी तेथे मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत, पण बापाचे नावच तेथे आडनाव होऊन बसले आणि गावाचे नाव इंग्रज कारकुनाच्या कानाला आले तसे लिहिले गेले. मग उरतो डीएनए. त्याची किंमत आणि मर्यादा दोन्ही आम्ही जाणतो. सख्ख्या चुलत, आते-मामे भावंडांत सरासरी ८६६ सेंटिमॉर्गन (डीएनएच्या तुकड्यांची लांबी मोजायचे एकक) एवढा वारसा सामाईक असतो, दुसऱ्या पिढीच्या (पणजोबा एकच असलेल्या) चुलत भावंडांत २२९, तिसऱ्या पिढीच्या (खापरपणजोबा एकच असलेल्या) ७३ च्या आसपास. आणि तिसऱ्या पिढीतली दहांतली साधारण एक जोडी चाचणीत जुळतच नाही. ७ सेंटिमॉर्गनच्या खालचे तुकडे धरू नयेत. या सरासऱ्या परक्या समाजांतल्या. आपल्या भागात मामाची मुलगी करण्याची चाल. पिढ्यान्‌पिढ्या तीच दहा गावे आणि तीच सोयरीक. त्यामुळे अहवालात ‘तिसऱ्या पिढीचा भाऊ’ म्हणून आलेला माणूस प्रत्यक्षात सहाव्या-सातव्या पिढीचा, पण चार वाटांनी नातेवाईक निघतो. बापाकडून मुलाकडे जाणारी वाय गुणसूत्राची चाचणी दोन जाधव घराणी एकच की वेगळी, एवढे चांगले सांगते. दत्तक झाला असेल तर ती कागदाशी भांडते. दत्तकाचे मोल साताऱ्याला शिकवायला नको: १८४८ साली ईस्ट इंडिया कंपनीने दत्तक नाकारला आणि राज्यच घेतले. म्हणून आमची विनंती आहे की, वारस किंवा जातपडताळणीच्या कामात असल्या खासगी वंशचाचण्यांना कोठल्याही कचेरीने पुरावा म्हणून हात लावू नये. २०२३ मध्ये अशा चाचण्या करणाऱ्या एका परदेशी कंपनीकडून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती फुटली, हेही ध्यानात असावे. डीएनए अहवालाची परिणती शेवटी एकाच प्रश्नात होते: गावची वही पाहायला मिळेल का?

म्हणून स्कॅनविषयी. किमान ३०० डीपीआय, मोडी असेल तर ४००, आणि रंगीत. काळ्या-पांढऱ्यात फिकट शाई उडते. शिवण उसवू नये, वही पाळण्यासारख्या आधारावर अर्धी उघडून वरून फोटो घ्यावा. समास कापू नये, नोंदीचा अनुक्रमांक तेथेच असतो. कोरी पाने आणि मुखपृष्ठही घ्यावे, नाहीतर वही कोणत्या गावची हेच पुढे कळत नाही. वाड्यांची नोंद पूर्वी मूळ गावाच्या वहीत होत असे, तेव्हा फाईलच्या नावात आजचे गाव आणि वहीवरचे गाव, दोन्ही हवीत. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी अजिबात नको. सूची गाव, साल आणि बापाचे नाव यांवर करावी, जातीवर नको. जातीचा रकाना पानावर आहे तसा राहू द्यावा, पण शोधखिडकीत तो असू नये. जन्मनोंदी १०० वर्षांनी आणि मृत्यूनोंदी ५० वर्षांनी खुल्या केल्या तर हयात माणसांना त्रास होणार नाही. नकलेच्या अर्जावर नेमके साल विचारले जाते. ते ठाऊक असते तर माणूस अर्ज कशाला करता? दहा वर्षांचा पट्टा देऊन शोध फी घेण्याची सोय असावी.

कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या जावली-पाटणच्या गावांच्या वह्या सर्वांत आधी घ्याव्यात. तेथली माणसे रायगड, रत्नागिरी, ठाणे, सोलापूरपर्यंत पांगली आणि स्मशानेही तळाशी गेली. ठेकेदाराचे बिल काढण्याआधी प्रत्येक तालुक्यातली कोणतीही एक वही उचलून तिची पहिली वीस पाने मूळ पानांशी ताडून पाहण्याचा आदेश मात्र लेखी असावा.

कळावे,

सातारा-सांगली भागात वंशावळींचे काम करणारे आम्ही काही जण